कावळा बरा होता

राजकारणात निवृत्तीचे वय नसते, ही जुनी तक्रार. आता तर मेल्यावरही सुटका नाही.

एप्रिल २०२५ मध्ये नाशिकला ठाकरेंच्या शिवसेनेच्या शिबिरात खुद्द बाळासाहेबांचे भाषण झाले. बाळासाहेब जाऊन तेव्हा बारा वर्षे उलटली होती. आवाज हुबेहूब, कर्तबगारी कृत्रिम बुद्धिमत्तेची, आणि बोलविते धनी अर्थातच आयोजक. विरोधकांनी नाके मुरडली. मुरडोत बापडे, त्यांच्याकडेही दिवंगतांच्या तसबिरी आहेतच!

पहिला मान मात्र नाशिकचा नव्हे. २०१८ साली निधन झालेले तमिळनाडूचे करुणानिधी जानेवारी २०२४ मध्ये काळा चष्मा लावून पडद्यावर अवतरले आणि त्यांनी मुख्यमंत्र्यांच्या कारभाराचे कौतुक केले. तेव्हाचे मुख्यमंत्री म्हणजे त्यांचेच चिरंजीव. त्याच महिन्यात इंडोनेशियात गोल्कर पक्षाने सुहार्तोंना उठवले. तीन दशके सत्ता न सोडणाऱ्या या गृहस्थांना १९९८ मध्ये लोकांनी घालवले, २००८ मध्ये ते वारले, आणि २०२४ च्या निवडणुकीला पुन्हा प्रचारात हजर! गोल्करने पाठिंबा दिलेले प्रबोवो अध्यक्ष झाले. ते सुहार्तोंचे एके काळचे जावई.

यंत्राने उठवलेला एकही पुढारी स्वपक्षाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणाल्याचे अजून ऐकिवात नाही. हयातीत ज्यांच्या फटकाऱ्यांनी आपलेच लोक चळचळा कापत, ते मरणोत्तर इतके समजूतदार कसे होतात?

आपल्याकडे गेलेल्या माणसाची इच्छा जाणून घ्यायला दहाव्याला कावळा लागतो. तो पिंडाला शिवेना, की भले भले हात जोडतात. धाकट्याला शेतात वाटा देऊ, बहिणीला अंतर देणार नाही, असे कबूल करून टाकतात. शास्त्र म्हणून ते कितपत खरे, हा वाद बाजूला ठेवू. पण कावळा कुणाच्या पगारावर नव्हता. त्याला आधी भाषण लिहून देता येत नव्हते.

गायकांचे निराळे. आपल्या आवाजाची नक्कल थांबवण्यासाठी अरिजित सिंग २०२४ मध्ये आणि आशा भोसले २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि दोघांनाही दिलासा मिळाला. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून गाऊन घेतले, तेही घरच्यांची परवानगी घेऊन आणि मानधन देऊन. गाण्यात वारसांना मानधन तरी मिळते. राजकारणात वारस स्वतःच निर्माते असतात.

निवडणूक आयोग अगदीच झोपलेला नाही. बिहारच्या निवडणुकीआधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याने पक्षांना बजावले, की यंत्राने बनवलेल्या चित्रावर तसे स्पष्ट लिहा आणि त्या पट्टीने किमान दहा टक्के जागा व्यापावी. छान. माणसांनी स्वमुखाने केलेल्या भाषणांना किती टक्क्यांची पट्टी लावायची, तेही एकदा ठरवून टाकावे.

आयोगाला एक विनंती. पट्टीवर ‘कृत्रिम’ एवढेच नको, भाषण लिहिणाऱ्याचे नावही सक्तीचे करा. मत मागतोय तो, आणि उद्या जाब विचारायला जिवंत सापडणार आहे तोही तोच.