केळ्याची वेळ

संशोधकाने भावना घरी ठेवून कामाला निघावं, असा शिरस्ता आहे. म्हणूनच एखाद्या कार्यालयाचा अभ्यास करणारा विद्यार्थी ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच चौकटी आखतो आणि चेहरा कोरा करून आत शिरतो. आतल्यांना तो साहेबांचा माणूस वाटतो. तरी एखादे हेडक्लार्क खुर्ची देतात, आल्याचा चहा मागवतात, आणि संध्याकाळी वहीत नोंद होते : ‘वातावरण मोकळे व सहकार्याचे.’ शेजारच्या खात्याने दोन तास ताटकळत ठेवलं, की तिथली ‘प्रशासकीय रचना ताठर’ निघते. चहाचा उल्लेख प्रबंधात कुठेच नसतो.

डोनाल्ड रॉय या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मात्र आपला कंटाळा लपवला नाही. तो एका कारखान्यात साधा कामगार म्हणून यंत्रावर उभा राहिला. साचा ठेवायचा, यंत्र दाबायचं, प्लास्टिकचा तुकडा पडला की पुन्हा साचा. सुरुवातीला त्याला वाटलं, सोडून पळावं. मग जीव रमवायला त्याने इतके हिरवे तुकडे झाले की तपकिरी घ्यायचे, असा खेळ मांडला. हळूहळू कान शेजाऱ्यांकडे गेले. सॅमी रोज डब्यात केळं आणायचा. आइक ते पळवून, ‘केळ्याची वेळ झाली!’ अशी आरोळी ठोकून खायचा. सॅमी तणतणायचा, तर जॉर्ज आरडाओरड्याबद्दल सॅमीलाच दटावायचा. तरी दुसऱ्या दिवशी डब्यात केळं हजर!

या पोरखेळानेच दिवस पार पडतो, हे रॉयने १९५९ च्या लेखात मांडलं. स्वतः कंटाळला नसता, तर त्याने वहीत ‘शिस्तीचा अभाव’ एवढंच टिपलं असतं. पुढे त्याच्याच डोक्यातून एक थट्टा निघाली : जॉर्जचे प्राध्यापक व्याही म्हणे न्हाव्याच्या शाळेत शिकवतात! जॉर्ज असा दुखावला, की कित्येक दिवस अबोला. सगळे गप्प झाले आणि रॉयचे हातपाय पुन्हा दुखू लागले. गप्पा थकवा पळवतात, याचा पुरावा त्याला आपल्याच अंगात सापडला.

प्रबंधाला म्हणून एक परिशिष्ट असावं : मी कुठे कंटाळलो, कोणाचा राग आला, चहा कोणी पाजला. मार्गदर्शक ते पान काढून टाकतील, हे उघड आहे. टाकताना त्यांना काय वाटलं, तेवढं मात्र विचारून घ्यावं.