पेटीवरच्या कुरडया

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत स्थानिक इतिहासाचं मंडळ काढायचं, असं आम्ही पाच निवृत्तांनी चहाच्या टपरीवर ठरवलं. पहिल्या बैठकीत अध्यक्ष कोण, एवढ्यावरच तीनदा चहा झाला. दुसऱ्या बैठकीत नावात ‘संशोधन’ घालावं की नाही, यावरून दोघं उठून गेले. टपरीवाला म्हणाला, “काहून जी, इतिहास सापडायच्या आधीच भांडण?”

मला उलट धीर आला. हे तर घराण्याचं वळण! ७ जुलै १९१० ला पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पुढे राजवाड्यांचं आपल्याच मंडळाशी बिनसलं आणि ते धुळ्याला गेले. तिथेच ३१ डिसेंबर १९२६ ला वारले. मग धुळेकरांनी त्यांच्याच नावाचं संशोधन मंडळ उभारलं. तिथून रुसून जायची सोय आता राहिली नव्हती.

पण भांडखोर असले तरी राजवाडे बसून राहणारे नव्हते. मंडळाच्या कितीतरी आधीपासून गावोगावची दप्तरं धुंडाळत होते. लोक कागद दाखवायला बिचकत. वतनाची भानगड निघाली म्हणजे? तरी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ ला निघाला, आणि पुढे खंड झाले २२.

आमच्याकडे काय आहे? वर्धा शहरच मुळी १८६६ चं, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसवलेलं. शेजारी पवनार मात्र जुनं. वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर ते हेच, असं इतिहास संशोधक मिराशींनी सांगितलं. तिथे विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना भरत-राम भेटीचं शिल्प निघालं. ना अध्यक्ष, ना ठराव, नुसती कुदळ!

आम्ही विषय घेतला ‘मेघे’. पिपरी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे. हे शेपूट कुणी, कधी लावलं? यावर मंडळात तीन मतं आहेत. सभासदही तीनच उरलेत.

एका आजींकडे मोडी कागदांची पेटी असल्याचं कळलं, म्हणून गेलो. त्या म्हणाल्या, “पेटीवर कुरडयांचे डबे हायेत बापा. ते संपले का उघडू.” आमच्यात मोडी कुणालाच येत नाही, हे त्यांना सांगितलेलं नाही. तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिघं त्यांच्या ओसरीवर तळलेल्या कुरडया खात असतो. काम नेटानं चाललंय. दुसरा डबा लागलाय.