बळी द्यावा तर दुसऱ्याचा

शिळासप्तमीच्या कहाणीतला राजा मनाने मोठा, पण कारभारात कच्चा. गावासाठी तळं बांधलं, पाणी लागेना. जलदेवता म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजाने सुनेला माहेरी धाडलं, नातवाला न्हाऊमाखू घालून तळ्यात पलंगावर निजवलं आणि तळं भरलं. एक जीव दिला, गावाची तहान भागली. ज्याचं जायचंय त्याला आधी विचारू नये, एवढं त्याला कळत होतं. चुकलं एकच. नातू घरचा दिला.

पैठणला ही चूक सुधारली. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, 27 दरवाजे, पोटात शंभर टीएमसीहून जास्त पाणी. त्याखाली पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव तालुक्यांतली शंभरावर गावं गेली. मंत्रालय मुंबईला, म्हणजे बुडीत क्षेत्राच्या पुष्कळ बाहेर.

1967 मध्ये फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी विचारलं, पाच माणसांवर सुटलेली ट्राम एकावर वळवावी का? विद्वानांचा घोळ अजून मिटलेला नाही. बाईंना पैठणला आणायला हवं होतं. इथे पाया घालून दोन वर्षं होत आली होती. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदाही 1976 चाच, त्यामुळे भिंत उभी राहीपर्यंत तो कुणाच्या पायात आला नाही.

बुडालेल्यांना काहीच परत मिळत नाही असंही नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करता येते. अर्ज करावा, पैसे भरावेत आणि आजोबांच्या वावरात एक हंगाम पेरून घ्यावं. पाणी चढलं की वावर पुन्हा सरकारचं.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने आजच्या छत्रपती संभाजीनगरला जमिनीखालच्या नहरींतून पाणी आणलं. गाव बुडवलं नाही, बळी मागितला नाही. असल्या स्वस्तातल्या पाण्याची किंमत कोण ठेवणार? नहरी आता पर्यटकांना दाखवायच्या कामी येतात.

राहिला प्रश्न, हे सगळं ज्यांच्यासाठी केलं त्या 'अनेकां'चा. हे शहर धरणापासून पन्नासेक किलोमीटरवर. नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तरी लोक शेजाऱ्याला आनंदाने सांगतात. रोज आलं असतं तर त्यागाची आठवण कुणाला राहिली असती? शिवाय 'अनेक' म्हणजे नुसती माणसंच नव्हेत, बिअरही त्यात धरायची. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी कमी करायला सांगावं लागलं, तेव्हा हे जाहीर झालं. 2019 मध्ये नवी पाणी योजना मंजूर झाली, 1680 कोटींची. पाण्याआधी तिचा आकडाच चढला, 2740 कोटींवर.

तोवर ज्याची पाळी चुकेल त्याने टँकर मागवावा. पैसे मोजताना त्या शंभर गावांचे आभार मानायला विसरू नये. ती बुडाली नसती, तर टँकरवाल्याने बिचाऱ्याने टँकर भरायचा कुठून?