ड्रॉइंग नसलेला जॉब

करमाडात वर्षाच्या लेकराबद्दल जो तो एकच विचारतो, “चालायली का?” नाव नंतर, मुलगा की मुलगी ते त्याच्याही नंतर. भाजी मार्केटात टोमॅटोचे कॅरेट उतरवणारा विचारतो, स्टेशनात जालन्याच्या गाडीची वाट बघणारी बाई विचारते, मेडिकलवाला सुटे पैसे मोजता मोजता विचारतो. “नाही अजून,” म्हटलं की समोरच्याचा चेहरा इतका पडतो की आपणच त्याचं सांत्वन करावं असं वाटतं.

मग दाखला येतो. करमाडात घरटी एक तरी लेकरू नवव्या महिन्यात चाललेलं आहे. “आमचा थोरला तर नवव्या महिन्यात पळायला लागला होता!” हा थोरला माझ्या पाहण्यात आहे. आता चाळिशीला आलाय आणि समोरच्या टपरीवर जायलाही मोटरसायकल काढतो.

माझी अडचण वेगळी आहे. मी शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तयार जॉब हातात घ्यायचा, व्हर्निअर लावायचा, ड्रॉइंगवरच्या प्लस-मायनसमध्ये बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. दोन शतांश मिलिमीटरवरून मी प्रॉडक्शनवाल्यांशी भांडणं केलेली आहेत. अशा माणसाच्या घरी देवानं जॉब पाठवला आणि ड्रॉइंग पाठवायचं राहून गेलं.

ते मी शोधून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली मुलांच्या वाढीचे निकष जाहीर केले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं त्यासाठी मोजली होती. आपल्याकडची दक्षिण दिल्लीची होती. त्यात बिनआधाराचं चालणं कधी, तर 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान. मी आकडा पुन्हा वाचला. नऊ महिन्यांहून जास्त टॉलरन्स! जेवढ्या काळात अख्खं मूल पोटात तयार होतं, तेवढी सूट नुसत्या चालण्याला. असं ड्रॉइंग आमच्याकडे आलं तर प्रॉडक्शनवाले पेढे वाटतील.

त्याच अभ्यासात आणखी एक मजेची गोष्ट आहे. शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. आमची लेक त्या चारांतली. ती बसते, एक पाय दुमडते, एक हात टेकते आणि ढुंगणावर सरकत निघते. वेग चांगला आहे. शिवाय फरशी आपोआप पुसली जाते. माझ्या आईला यात काही नवल वाटलं नाही. “हिचा चुलत पणजा असाच घसरत व्हता,” ती म्हणाली, “पुढं सरपंच झाला.” या दोन गोष्टींचा संबंध विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

दातांचं मात्र प्रकरण झालं. लेकीला वरचे दात आधी आले. वरचे दात आधी आले की मामाला जड, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आईनं ही बातमी बदनापूरला मामाच्या घरी अशा आवाजात कळवली की तिकडून आधी “कोण गेलं?” असंच विचारलं गेलं. मामा संध्याकाळी स्वतः आला. मोबाइलची बॅटरी लावून त्यानं भाचीचं तोंड तपासलं, भाचीनं त्याचं बोट तपासलं. दात असल्याचं दोघांनाही पटलं. तेव्हापासून जालना रोडवर मामा हेल्मेट घालून गाडी चालवतो. त्या रस्त्यावर सळयांनी भरलेल्या ट्रकांची जी रांग असते ती बघता, पोलिसांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते दोन दातांनी करून दाखवलं.

खाण्याचा विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. पहिल्या वर्षात मुलाचं वजन साधारण तिप्पट होतं. आमचं तीन किलोचं बाळ नऊच्या आसपास आलं. सगळे खूश. आणि वर्ष झाल्याबरोबर पोरीनं वरणभातापुढे तोंड फिरवायला सुरुवात केली. आईचं म्हणणं नजर लागली, बायकोचं म्हणणं दात शिवशिवतात. मी कागद घेऊन हिशेब मांडला. दरवर्षी तिपटीनं वाढली तर दुसऱ्या वाढदिवसाला 27 किलो, तिसऱ्याला 81 आणि चौथ्याला 243. दुसऱ्या वर्षात वाढ मुळातच मंदावते, अख्ख्या वर्षात दोन-अडीच किलो पडतात, त्यामुळे भूकही उतरते, एवढंच मला सांगायचं होतं. आईनं 243 तेवढं ऐकलं. “थू थू, आकडे काय काढता लेकराचे!” म्हणत तिनं मीठ-मोहऱ्या काढल्या. त्या दिवशी दृष्ट माझी लागली होती.

अंगणवाडीत मात्र मी रमलो. तिथल्या ताईंच्या हातात काय यंत्रणा आहे, हे करमाडातल्या बापांना माहीत नाही, कारण बाप तिथं जातच नाहीत. मी सुट्टी टाकून गेलो. वजनकाटा, आडवं निजवून लांबी मोजायची पट्टी (दोन वर्षांपर्यंत लेकराची उंची नसते, लांबी असते), आणि दंडाचा घेर मोजायची ती रंगीत फीत. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. मी फीत हातात घेऊन बघत राहिलो. अहो, हे तर गो-नो गो गेज! आकडा वाचायला नको, डोकं लावायला नको, रंग बघा आणि बोला. कारखान्यात अशा गेजसाठी आम्ही परचेसच्या मागे फिरतो. मी ताईंना कॅलिब्रेशन कधी होतं ते विचारलं. ताई माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाल्या, “पुढच्या वेळंला तुम्हीच या.” फीत हिरवी आली. लांबीच्या पट्टीवर मात्र लेक सरळ निजेना. ताईंनी डोकं धरलं, मी पाय धरले, तरी मधला भाग कमानीसारखा वर. शेवटी ताईंनी ती दमायची वाट पाहिली आणि मोबाइलमध्ये आकडा भरला.

चालण्यासाठी म्हणून पुण्याहून माझ्या बहिणीनं वॉकर पाठवला. गोल, प्लास्टिकचा, चाकांचा, बटण दाबलं की इंग्रजी गाणं म्हणणारा. डॉक्टर म्हणाले, वापरू नका. त्यात बसून मूल लवकर चालत नाही, उलट उशीर होतो, आणि वेगात जाऊन पायऱ्यांवरून पडतं ते वेगळंच. कॅनडानं 2004 साली वॉकरवर सरळ बंदी घातली आहे. आईला कॅनडातल्या लेकरांची काळजी वाटली. “मग तिकडं काय धरून उभी राहतेत? बाजा हायेत का त्यांच्यात?” आता त्या वॉकरमध्ये लसूण वाळत घातलाय. कधी धक्का लागला की लसणातून इंग्रजी गाणं येतं.

आईच्या हट्टानं मग पांगुळगाडा सांगितला. मी टेप आणि कंबरेपर्यंतची, खांद्यापर्यंतची मापं लिहिलेला कागद घेऊन सुताराकडे गेलो. त्यानं कागद टेपाखाली ठेवला, कडेवरच्या पोरीकडे एकदा बघितलं, तिच्या पोटाला वीत लावली आणि म्हणाला, “शनिवारी घेऊन जा.” गाडा आणून उभा केला तर दांडा नेमका तिच्या छातीशी. एका सुताचासुद्धा फरक नाही. मी घरी येऊन टेपनं तपासलं. व्यावसायिक मत्सर म्हणतात तो मला आयुष्यात पहिल्यांदा तिथं झाला.

गाडा ती ढकलते, पण तिचं खरं मन दुसऱ्या कामात आहे. ती वस्तू पाडते. बाजेवर बसून वाटी सोडते, वाकून बघते, कोणी उचलून दिली की पुन्हा सोडते. सुरुवातीला मी वैतागलो. मग ओळख पटली. आमच्याकडे गेज आर अँड आर म्हणून एक चाचणी असते: तोच जॉब तीन माणसांनी पुन्हा पुन्हा मोजायचा आणि फरक माणसाचा की यंत्राचा ते शोधायचं. इथं वाटी तीच, उंची तीच, बदलतो तो फक्त उचलणारा: आजी, आई, मी. निकाल तिनं काढलेला आहे. मी असलो की ती पाडतच नाही. उशीर करणाऱ्या ऑपरेटरवर कोण वेळ घालवणार?

हे सगळं मी कंपनीच्या नमुन्यात एका रजिस्टरात लिहीत होतो: निरीक्षण, माप, शेरा. यात वेडेपणा नाही. चार्ल्स डार्विननं 1839 साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या अशाच नोंदी ठेवल्या आणि तब्बल 37 वर्षांनी, 1877 साली, त्यावरचा लेख छापला. हे मी बायकोला मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “तो लिहीत असताना पोरगं कोणाकडं होतं?” मी पुन्हा बघितलं. लेखात दाईचा उल्लेख आहे. “मग बरोबर,” ती म्हणाली. “आता ते पेन ठेवा आणि तिच्या तोंडात काय आहे ते काढा.”

तिच्या तोंडात रजिस्टरचं पान होतं. गेल्या महिन्याचं, दात आणि वजन दोन्ही असलेलं. अर्धं मी बोट घालून वाचवलं, अर्धं ती गिळून बसली आणि हसली. आमच्याकडे दरवर्षी ऑडिटर येतो आणि बजावून जातो की नोंदी नीट ठेवा, मागितल्या की परत मिळाल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं लंगोट बदलताना मला हाक मारली. नोंदी परत मिळाल्या होत्या. वजन वाचता येत नव्हतं.