फोर बाय फोर आणि एक बँकर

टोपी आधी आली. जीप नंतर यायची होती.

मातकट रंगाची, रुंद काठाची, हनुवटीखाली दोरी असलेली टोपी. ती घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा मला आरशात एक दणकट, अबोल, उन्हानं रापलेला माणूस दिसला. हिला वनखात्याचा रोजंदारीवरचा मुकादम दिसला. तिनं तसं सांगितलंही. एकतीस वर्षांच्या संसारात आमच्या चष्म्यांचे नंबर कधी जुळले नाहीत.

काशेळ्याच्या पुढे आमचे पाच गुंठे आहेत. नकाशात तिथवर सहा मीटर रुंदीचा रस्ता आहे. जून ते ऑक्टोबर त्या रस्त्याचा ओढा असतो आणि उरलेले महिने ओढ्याचे गोटे. मिनीडोरवाला मोरीपाशी सोडतो. तिथून चालत बारा मिनिटं. या बारा मिनिटांवर उपाय म्हणून साडेचार लाखांची जुनी जीप घ्यायची, असं मी ठरवलं. वर्षाला सात फेऱ्या, फेरीमागे खर्च किती पडतो याचा हिशेब तुम्ही करू नका. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, मी केलेला आहे. हिला दाखवला नाही, इतकंच.

दोन महिने रात्री जागून मी मोबाइलवर जुन्या गाड्यांची पारख शिकलो. वही केली, चौसष्ट मुद्दे काढले, समोर ‘होय’ आणि ‘नाही’ असे रकाने आखले. निवृत्त माणसाच्या हातात वही आणि लाल पेन्सिल दिली की तो लगेच शाखाधिकारी होतो. आता कबूल करायला हरकत नाही, की नोकरीत शेकडो वाहनकर्जांच्या कागदांवर ‘वाहनाची प्रत्यक्ष पाहणी केली’ या वाक्याखाली माझी सही आहे. त्यातली खरोखर पाहिलेली वाहनं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातलंही एक चुकून पाहिलं, कारण ते आमच्या शाखेच्या दारातच बंद पडलं होतं.

तर नोव्हेंबरातल्या एका सकाळी टोपी, वही, बॅटरी आणि फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन मी कर्जतला उतरलो. ज्या तालुक्यात मोटारींना मज्जाव असलेलं माथेरान आहे, त्याच तालुक्यात मोटार घ्यायला यावं, यात काही संकेत होता का? असेल. पण समोर वडा होता.

कर्जतच्या वड्याबद्दल नवीन काही लिहायची माझी प्राज्ञा नाही. मला सांगायचंय ते वड्याच्या आडून चालणाऱ्या कामाबद्दल. लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते आणि प्रवाशांची पक्की समजूत असते की ती वड्यासाठी थांबली. दारात झुंबड, पाचशेची नोट, सुट्ट्यांची मारामारी, चटणी शर्टावर. या गदारोळात गाडीच्या शेपटीला काय चाललंय ते कुणी बघत नाही. तिथे दोन-तीन इंजिनं हलकेच येऊन टेकतात. पुढे भोर घाट. १८६३ साली हा घाट रेल्वेला खुला झाला, आणि दर सदतीस फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ तेव्हापासून आहे तिथेच आहे. पुढचं एकटं इंजिन भरलेली गाडी घेऊन तो चढ चढू शकत नाही. म्हणून मागून ढकलायला ही इंजिनं. लोणावळ्यापर्यंत ढकलतात, तिथे सुटतात आणि मोकळीच घाट उतरून पुन्हा कर्जतला येऊन उभी राहतात, पुढच्या गाडीची वाट बघत. ती गाडी पुण्याला जाते, सोलापूरला जाते, पार मद्रासला जाते. ही बिचारी आयुष्यभर कर्जत-लोणावळा, लोणावळा-कर्जत. पाटीवर यांचं नाव नाही, उद्घाटनाचा हार पडतो तो पुढच्या इंजिनाला, खिडकीतली पोरं टाटा करतात तेही पुढच्यालाच. अलीकडे काही गाड्यांना दोन्ही टोकांना स्वतःची इंजिनं असतात, त्यांना यांची गरजही लागत नाही.

या मागच्या इंजिनाला रेल्वेत काय म्हणतात ठाऊक आहे? बँकर! हे मला कळलं त्या दिवशी मी बाकावरच बसलो. एकतीस वर्षं मी बँकेत काढली. दुसऱ्यांच्या फ्लॅटना, ट्रॅक्टरना, पोल्ट्र्यांना मागून ढकललं, शिखरावर पोचवलं आणि मोकळ्या हातानं खाली आलो. मला एकदाही कुणी बँकर म्हटलं नाही. ‘कारकून’ म्हणत, बढतीनंतर ‘लोनवाले’. आणि इथे एका इंजिनाला हा किताब! मत्सर वाटला. मग वडा खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. कर्जतला मी जेव्हा जेव्हा जातो तेव्हा फलाटाच्या टोकापर्यंत चालत जाऊन त्या इंजिनांना बघून येतो. हिला वाटतं मी वडे खायला थांबतो. तेही आहेच.

फलाटावरच मेस्त्री भेटला. पस्तिशीचा, सडपातळ. चौसष्ट मुद्द्यांच्या जागी त्याच्या खिशात फक्त एक लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्यानं टोपीकडे पाहिलं आणि “साहेब, मोटारसायकलवर उडंल, हातात धरा,” एवढंच म्हणाला.

चौक फाट्याला जीप उभी होती. २०११ सालची, ताडपत्रीच्या हुडाची, रुंद टायरांची, पुढे भलेमोठे दिवे. कंपनीचं नाव सांगत नाही. जे बिघडलं होतं ते मालकांनी बिघडवलं होतं. खरं सांगतो, बघताक्षणी मी कामातून गेलो. वहीतला पहिला मुद्दा ‘मोहात पडू नये’ असा होता. तिथे ‘नाही’वर खूण करावी की ‘होय’वर, हेच कळेना.

“डॉक्टरची गाडी आहे,” एजंट म्हणाला.

महाराष्ट्रातली झाडून सगळी जुनी वाहनं डॉक्टरांची असतात. मी आरसी बुक मागितलं. गाडी चौथ्या मालकाच्या नावावर होती.

“चौघंही डॉक्टरच,” एजंट म्हणाला.

आणि सध्याचा मालक पाचवा, तो कागदावर नव्हताच. फॉर्म २९ आणि ३० वर चौथ्याच्या सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या, तारखेची जागा कोरी. कोऱ्या जागेवर सही पाहिली की माझं रक्त खवळतं. ते खवळलं आणि रुंद टायरांकडे बघून निवलं.

मी बॉनेटवर हात ठेवला. चांगलंच तापलेलं. मुद्दा चौथा: इंजिन थंड असतानाच सुरू करून बघावं, विकणारा आधीच गरम करून ठेवतो. “सकाळीच महडला वरदविनायकाचं दर्शन करून आलो,” एजंट म्हणाला. देवाचं नाव आल्यावर मुद्दा चौथा सोडून द्यावा लागला.

आता माझा प्रभाव पाडायची वेळ होती. मी सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे जीप आणणारी कंपनी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघाली, तिचं नाव तेव्हा महिंद्रा अँड मोहम्मद होतं. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली इकडे कंपनीच्या नावात दुसरा महिंद्रा आला. म्हणजे बघा, एका पाटीवर केवढा इतिहास...

“बरोबर आहे,” एजंट म्हणाला. “टोकन किती देताय?”

मेस्त्री तोवर गाडीखाली गेला होता. त्याचे पाय तेवढे दिसत होते आणि खालून बातम्या येत होत्या. हाउसिंग गळतंय. क्रॉस गेलाय. डाव्या बाजूचा एक पाटा तुटलाय. मग बाहेर येऊन त्यानं इंजिन सुरू करायला लावलं, तेलाचं झाकण उघडलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. झाकणातून चुलाण्यासारखा धूर येत होता. मी वहीत ‘धूर: आहे’ असं लिहिलं. मेस्त्रीनं काहीच लिहिलं नाही, त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं.

मग मी खिशातून हुकमाचं पान काढलं. पाचगणीहून आणलेली स्ट्रॉबेरीच्या आकाराची लोहचुंबकाची पट्टी. घरी ती माझा साखरेचा रिपोर्ट फ्रिजला धरून ठेवते. पत्रा असेल तिथे चुंबक चिकटतं, पुटीवर चिकटत नाही, हे विज्ञान. दारावर स्ट्रॉबेरी चिकटली. बॉनेटवर चिकटली. मागच्या डाव्या अंगाला लावली, ती क्षणभर थबकली आणि घरंगळत माझ्या बुटावर पडली. वीतभर वर लावली, पुन्हा बुटावर.

“त्या साइडला पत्रा वेगळा येतो,” एजंट म्हणाला.

मेस्त्री हसला. दिवसभरात पहिल्यांदा. त्याच्या नजरेत मी किंचित वर चढलो, असं मला वाटलं, आणि त्या भरात मी “चक्कर मारून बघू” असं म्हणून स्टिअरिंगवर बसलो. टोपी घातली, दोरी आवळली.

फोर बाय फोरचा दांडा. त्याच्यासाठी तर हा खटाटोप. दोन महिने रात्री मी अंथरुणात तो दांडा टाकत होतो. कच्च्या रस्त्याला लागलो, गाडी थांबवली, दांडा ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. वरचा गोटा माझ्या हातात आला. दांडा होता तिथेच. ज्या गाडीला चार चाकांची ताकद म्हणून लाखभर जास्त मागत होते, तिची पुढची दोन चाकं नुसती सोबतीला होती, वऱ्हाडातल्या मावशांसारखी.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं. सेल्फ मारला, नुसतं टकटक. एजंट स्टिअरिंगवर बसला आणि मेस्त्री नि मी मागे गेलो. चढ फार नव्हता; भोर घाटाच्या मानानं काहीच नाही. खांदा लावला, मान खाली घातली, ढकलू लागलो. निवृत्तीनंतर का होईना, मी बँकर झालो.

मान खाली होती म्हणून दिसलं. मागच्या ॲक्सलच्या वर, पाट्यांच्या फटीत, वाळक्या चिखलात काहीतरी पिवळं अडकलं होतं. गवत असेल म्हणून मी सोडून दिलं असतं. मेस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हरनं ते उकरून काढलं, तळहातावर झाडलं.

“भात हाय,” तो म्हणाला. “ओढ्यातनं नाय गेली ही गाडी. खाचरातनं गेलीय. लावणी झाल्यावर. बघा ना, वीतभर बी वाढलं नव्हतं.”

मुळांसकट होतं. चार-पाच चूड. त्यानं ते फेकलं नाही, बॉनेटवर ठेवलं. समोर इरशाळगड उभा होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतल्या वाडीवर दरड कोसळली तेव्हा हा मेस्त्री पायथ्यापर्यंत गाडी घेऊन गेला होता. पुढे रस्ता नाही, सगळे पावसात चालत चढले, जेसीबी वर जाऊच शकला नाही, हातांनी माती काढली. हे त्यानं मी विचारलं म्हणून सांगितलं, आणि दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाला, “तिथं वाट नव्हती. आणि खाचरात हे लोक वाट पाडतात. दर रविवारी. चिखलाचे फोटो काढायला. धूत बी नाय गाडी, तशीच घेऊन जातात मुंबईला, दाखवायला.”

‘हे लोक’ म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो सभ्य माणूस आहे. मला मात्र माझे दोन महिन्यांतले व्हिडिओ आठवले. चाकाखालून उडणारं ते हिरवं-तपकिरी पाणी. कितीतरी वेळा ‘वा!’ म्हणून मी तेच पुन्हा लावून पाहिलं होतं. ते पाणी कुणाच्या बांधाआतलं आहे, हा प्रश्न चौसष्टात नव्हता. घाम आला होता म्हणून मी टोपी काढली.

“नको,” मी एजंटला म्हटलं.

“चाळीस हजार कमी करतो.”

“नको.”

“फोर बाय फोरचं काम करून देतो. साठ कमी.”

एवढ्याशा वाळक्या काडीपायी साठ हजार सुटत होते. नोकरीत एवढी घासाघीस मला कधी जमली नव्हती. मेस्त्रीनं पाहणीचे पाचशे घेतले, कर्जतला सोडायचे घेतले नाहीत. फलाटावर पुण्याकडची गाडी उभी होती, वड्यांची झुंबड चालू होती. मी नेहमीप्रमाणे टोकापर्यंत चालत गेलो.

जीप अजून विकायची आहे. चौक फाट्याला जाऊन डॉक्टरची गाडी म्हणून विचारा, लगेच दाखवतील. चुंबक मात्र आपापलं न्या. माझं रिपोर्ट धरून बसलंय.