पुतण्याने स्केचबुक पुढे केलं तर

धुळ्या-नंदुरबारकडचा पाहुणा सुरतच्या उधन्यात उतरला, चहा झाला, गावाकडच्या पावसाची चौकशी झाली, की हल्ली घरातलं कुणीतरी स्केचबुक आणून पुढे करतं. आत ‘तीन रस्ता’ चौकाजवळच्या इमारती, दहा-पंधरा मिनिटांत, नुसत्या पेन्सिलीने काढलेल्या. अशा वेळी पाहुण्याने कसं वागावं, हे कुठेच शिकवत नाहीत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षाही चित्र काढणाऱ्यांच्याच. बघणाऱ्याला सगळे पासच धरतात.

म्हणून आधी गप्प बसावं. ‘छान आहे, रंग कधी भरणार?’ हे वाक्य जिभेवर येईल, ते चहाबरोबर गिळावं. ‘अगदी फोटोसारखं!’ हे त्याहून घातक. फोटोच हवा असता तर पोराने मोबाइल काढला असता. टेम्पोवाल्यांचे हॉर्न खात दुकानाच्या पायरीवर कशाला बसला असता? २००७ साली गॅब्रिएल कँपानारियो या पत्रकाराने सिअ‍ॅटलमधून ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केलं आणि रस्त्यावर बसून जागच्या जागी शहर रेखाटणाऱ्यांची जगभर मंडळं झाली. ही माहिती पुतण्याला सांगू नये. त्याला ती असतेच.

चित्रात आपली बिल्डिंग शोधू नये. शोधलीच तर मजले मोजू नयेत. मोजलेच तर ‘एक कमी आहे’ हे स्वतःपाशी ठेवावं.

आता वही हातभर लांब धरून डोळे बारीक करावेत. यात नाटक वाटलं तरी उपयोग असतो: बारकावे विरतात आणि उजेड-अंधाराचे गट्ठे तेवढे उरतात. सावली सगळ्या इमारतींच्या एकाच अंगाला पडलेली दिसली तर मान डोलवावी. मग वही जवळ घ्यावी. फिकट, कडक रेघ एच पेन्सिलीची, काळी मऊ बीची. ग्राफाइटमध्ये चिकणमाती जास्त तितकी पेन्सिल कडक. ही युक्ती फ्रान्सच्या काँतेची, १७९५ची. कोपऱ्यातला धुरकट पट्टा म्हणजे पोराची करंगळी घासलेली. तो बोटाने पुसायला जाऊ नये, वाढतो.

खरी दाद राखून ठेवावी ती गच्चीसाठी. उधन्यात खाली लूम्स, वर भाडेकरू आणि त्याच्यावर स्लॅबमधून आकाशात निघालेल्या सळया, पुढच्या मजल्याच्या आशेवर. पुतण्याने त्या चार फटकाऱ्यांत काढल्यात; मुळाशी पेन्सिल दाबलेली, टोकाला उचललेली. शेजारी पाण्याची काळी टाकी, नुसता एक घोटलेला ठिपका. निम्म्या खिडक्या काढलेल्याच नाहीत. हा आळस समजू नये. उधन्यातलं अर्धं बांधकाम याच अवस्थेत आहे, आणि माझ्या मते घाईच्या रेघेला याहून सोयीचं गाव नाही. इथे बोट ठेवून ‘हे जमलंय’ एवढंच म्हणावं. पोरगं तुम्हाला जाणकार समजेल, समजू द्यावं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून मोठी आई येऊन ‘हाई काय शे?’ विचारेल. समजावत बसू नये, वही तिच्या हातात द्यावी. सळया ती एका नजरेत ओळखते. पण मग वरचा मजला अजून का चढला नाही, हा विषय निघतो आणि काकांना त्याच मिनिटाला स्टेशनवर काम आठवतं. पाहुण्याने त्यांच्यासोबत निघावं.