गरिबीवर जीएसटी वेगळा

समजा, तुमच्या बचत खात्याला महिन्याला सरासरी २,००० रुपये शिलकीची अट आहे. महिन्यातल्या एका रात्री खात्यात ६०,००० रुपये मुक्कामाला ठेवा, सकाळी काढून घ्या आणि उरलेल्या २९ रात्री खातं ठणठणीत कोरडं राहू द्या. सरासरी बरोबर २,००० भरते. तुम्ही आदर्श ग्राहक. तुमच्या शेजारच्या बाईंनी मात्र पोटाला चिमटा घेऊन तीसच्या तीस रात्री १,९०० रुपयांना हात लावला नाही. त्यांची सरासरी १,९००. दंड त्यांना!

बचतीची सवय लागावी म्हणून ज्या खात्याला बचत खातं म्हणतात, त्याचा हा कारभार. दंडावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे पैसे नसणं ही आता एक सेवा झाली आहे. ती बँक पुरवते आणि तिच्यावर सरकारला कर मिळतो.

खान्देशी माणूस बँकेकडे उगाच वळलेला नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या आणि ठेवपावत्या मातीमोल भावाने विकायची वेळ लोकांवर आली. तेव्हापासून घरोघरी एकच शहाणपण सांगितलं जातं : चार पैसे कमी व्याज मिळालं तरी चालेल, पण मोठ्या बँकेत ठेवा. लोकांनी ऐकलं. फरक इतकाच की पतसंस्थेत धाड पडली होती, बँकेत वाळवी लागते. धाड पडली की माणूस बोंब तरी मारतो. वाळवी लागल्याचं पासबुक भरून आणल्यावरच कळतं, आणि पासबुक भरायचं यंत्र बंद असतं.

ऑगस्ट २०२४ आठवा. महिन्याच्या मध्यावर ‘लाडकी बहीण’ योजनेचा जुलै-ऑगस्टचा मिळून ३,००० रुपयांचा हप्ता राज्यभर खात्यांत पडू लागला. भावाने ओवाळणी घातली आणि कित्येक ठिकाणी बँकेने ती ताटातूनच उचलली. जुना दंड, जुनी थकबाकी, हिशेब चुकता. ओरड झाली, मग हे पैसे कापू नका असं शासनाला बँकांना बजावावं लागलं. त्याच महिन्याच्या २५ तारखेला आपल्या जळगावात पंतप्रधानांच्या कार्यक्रमात ११ लाख ‘लखपती दीदीं’ना प्रमाणपत्रं द्यायचा सोहळा झाला. दीदी लखपती, बहीण लाडकी, आणि दोघींचं खातं ‘मिनिमम बॅलन्स’अभावी दंडास पात्र! नात्यांची अशी गुंतागुंत लग्नाच्या मांडवातही होत नाही.

ही चिल्लर आहे असं कोणी म्हणू नये. २०१७ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत स्टेट बँकेने कमी शिलकीच्या दंडापोटी १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतला बँकेचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्याकडून, पैसे असलेल्यांच्या धंद्यातल्या तिमाही नफ्याहून जास्त रक्कम निघाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या विहिरींवर हे तंत्र कोणी वापरून पाहावं. पुढे ११ मार्च २०२० ला स्टेट बँकेने ही अटच काढून टाकली. २०२५ मध्ये बँक ऑफ बडोदा, पंजाब नॅशनल अशा काही सरकारी बँका त्याच वाटेने गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी ५०,००० रुपयांची अट घातली आणि बोभाटा होताच ती १५,००० वर आणली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणाले, किती शिल्लक मागायची हे बँकांनीच ठरवायचं.

एकूण आकडा आपल्या शेजारच्या संभाजीनगरचे भागवत कराड यांनी अर्थ राज्यमंत्री असताना ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत दिला. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी २०१८ पासून कमी शिलकीचा दंड, एटीएमचे जादा व्यवहार आणि एसएमएस या तीन बाबींवर ३५ हजार कोटींहून अधिक रुपये कमावले. त्यातले २१ हजार कोटी नुसत्या कमी शिलकीचे. एसएमएसचे सहा हजार कोटी. म्हणजे दंड कापल्याची बातमी आपल्याला मिळते, तिचेही पैसे आपणच भरतो.

आता गंमत. याला नियम आहे, आणि चांगला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने तो १ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. तो सांगतो : शिल्लक कमी झाली तर ग्राहकाला आधी कळवा. भरायला महिना द्या. दंड जेवढी तूट तेवढ्या प्रमाणात लावा, सरसकट नको. आणि केवळ या दंडामुळे खातं शून्याखाली जाता कामा नये. हा शेवटचा नियम काही बँका फार निष्ठेने पाळतात. खातं शून्यावरच थांबवतात आणि उरलेला दंड बाजूला दबा धरून बसवतात. पीक विम्याचे, दुधाचे, मजुरीचे पैसे आले की तो झडप घालतो. खातं शून्याखाली गेलं का? नाही. नियम मोडला का? नाही. शाब्बास!

शिंदखेड्याच्या एखाद्या जिभाऊंनी खिडकीशी जाऊन विचारावं, “मना पैसा, मनं खातं, मंग दंड मालेच कसाले?”

“बाबा, सिस्टीमने कापलेत.”

“सिस्टीम कोठे बसस?”

सिस्टीम मुंबईत बसते. साहेब मीटिंगला बसलेत. लिंक गेली आहे, ती येईपर्यंत जिभाऊंनीही बाकावर बसायचं आहे. धुळ्याला यायचं-जायचं भाडं आणि बुडालेला रोज धरला तर दंड परत मागणं दंडापेक्षा महाग पडतं. सगळी मेख इथेच आहे. रक्कम मुद्दाम इतकी लहान असते, की ती मागायला जाणारा वेडा ठरावा.

पण पैसे परत मिळाल्याचा दाखला आहे. शून्य शिलकीच्या साध्या बचत खात्यांतून महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे गेले, की स्टेट बँक दर व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे कापत असे. १५ रुपये बँकेचे, २ रुपये ७० पैसे कराचे. वीस रुपयांचा चहा-पोहा यूपीआयने घेतला तरी तेवढेच. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी याचा पिच्छा पुरवला. ३० ऑगस्ट २०२० ला प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना सांगितलं, की रुपे आणि यूपीआयच्या व्यवहारांवर १ जानेवारी २०२० पासून कापलेलं परत करा. दास यांच्या अहवालानुसार एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० मध्ये असे २५४ कोटी कापले गेले होते. त्यांतले ९० कोटी परत गेले आणि १६४ कोटी बँकेकडेच राहिले. गणिताचा एक प्राध्यापक हिशेब मांडत बसला, तर ९० कोटी बाहेर आले. आपल्या जळगाव-धुळे या दोन जिल्ह्यांत गणिताचे मास्तर कमी नाहीत.

तिकडे ब्रिटनमध्ये ओव्हरड्राफ्टच्या दंडावरून २००६-०७ च्या सुमारास लाखो लोकांनी बँकांना साधी पत्रं लिहिली. कोर्टात भांडण्यापेक्षा परत देणं स्वस्त, असा हिशेब करून बँकांनी कोट्यवधी पौंड मुकाट मोजले. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकांच्या बाजूने दिला. तोवर ज्यांनी पत्र टाकलं होतं त्यांच्या खिशात पैसे होते आणि जे ‘बघू पुढे’ म्हणाले ते पुढेच बघत राहिले.

तेव्हा मंडळी, अर्ज लिहा. व्यवस्थापकांना तीनच प्रश्न विचारा : कमी शिलकीची सूचना मला कोणत्या तारखेला दिली? महिन्याची मुदत कधी संपली? तूट किती होती आणि तिच्यावर कोणत्या टक्क्याने आकारणी केली? अर्जाची एक प्रत ठेवा आणि तिच्यावर शिक्क्यासह पोच घ्या. पोच द्यायला खळखळ करतील, तेव्हा बाकावर बसण्याचा आपला सराव कामी येईल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक फुकट आहे. दंड १७ रुपयांचा असला तरी करा. एकट्याने केली तर तो विक्षिप्तपणा वाटेल, पण रावेरपासून साक्रीपर्यंत प्रत्येक शाखेत दोनशे अर्ज पडले, तर सिस्टीमला अचानक माणसासारखं बोलता येऊ लागेल.

आणि अर्जासोबत आपलंही दरपत्रक जोडा. रांगेत उभं राहणे, तासाला अमुक. ‘उद्या या’ ऐकणे, प्रत्येक वेळी तमुक. बंद यंत्रासमोर पासबुक धरून उभं राहणे, विशेष दर. केवायसीचे तेच कागद चौथ्यांदा देणे, दुप्पट. जीएसटी वेगळा. मात्र आपण नियमाने वागणारी माणसं आहोत. बँकेला महिनाभर आधी लेखी कळवू, जेवढा त्रास तेवढाच आकार लावू आणि केवळ आपल्या आकारणीमुळे बँक शून्याखाली जाणार नाही, याची पुरेपूर काळजी घेऊ.